खुंटीवरचा कोट

"सर, गाण्यातला तो माणूस सातव्या वर्षी परत येतो की बाराव्या?"

प्रश्न खालून आला. मी खुर्चीवर चढून आमच्या ऑर्केस्ट्राच्या नावाची कापडी पाटी सरळ करत होतो. एप्रिलची दुपार, तीनचा सुमार. साखर कारखान्याच्या कॉलनीतलं मैदान, अर्धवट बांधलेला मांडव आणि हवेत मळीचा आंबूस वास. खाली पाहिलं तर तिशीची एक बाई उभी होती. हातात छत्री, खांद्याला कापडी पिशवी.

"कोण माणूस?" मी विचारलं.

"फ्रेंच गाण्यातला. तो लढाईवर जातो, ती स्टेशनवर वाट बघते, असं तुम्ही सांगता ना. पहिल्या वर्षी म्हणालात, तो सात वर्षांनी आला. मग एकदा दहा म्हणालात. गेल्या साली बारा. यातलं खरं कुठलं?"

मी खुर्चीवरून उतरलो. हसावं की दचकावं, कळेना. पाच वर्षांत मी काय काय बरळलो होतो, ते माझ्याही लक्षात नव्हतं आणि ही बाई साल लावून सांगत होती.

ही गोष्ट एकोणऐंशी सालची. मी, रमाकांत उपळेकर, मिरजेच्या एका शाळेत मराठी शिकवायचो आणि सुट्टीच्या दिवशी 'स्वरमेघ' ऑर्केस्ट्राचं निवेदन करायचो. मरून रंगाचा सफारी आणि हातात माईक आला की मी कुणाचा नसायचो. आवाजाचा मला भारी गर्व. गाण्यापेक्षा टाळ्या निवेदनाला जास्त पडतात, असं मी स्वतःच्या तोंडाने चारचौघांत सांगायचो, यावरून काय ते समजा.

आमच्या कार्यक्रमात एक फ्रेंच गाणं असायचं. आमची गायिका एस्तेर साळवे हिला जुन्या बाजारात एक रेकॉर्ड मिळाली होती. वरचा कागद झिजलेला, नाव नाही, गाव नाही. तिनं ती शंभर वेळा ऐकून शब्द जसे कानावर पडले तसे देवनागरीत वहीत उतरवले आणि पाठ केले. प्रेमाचं गाणं आहे, एवढं चालीवरून कळत होतं. अर्थ तिला कळत नव्हता, मला कळत नव्हता, समोर बसलेल्या दोन हजार माणसांनाही कळत नव्हता. पण दुसऱ्या ओळीपर्यंत पोरंसोरंसुद्धा गप्प व्हायची. शेवटी 'वन्स मोअर'चा एकच गलका. हिंदी सिनेमाची गाणी दरवर्षी बदलायची, हे एक गाणं कुणी बदलू दिलं नाही.

आता एवढ्या गाण्याला अर्थ नको? मी दिला. कुणी मागितला नव्हता, मीच दिला. रणांगणावर निघालेला तरुण, फलाटावर कंदील घेऊन उभी असलेली त्याची प्रिया, लोकांची टोमणेबाजी आणि एके दिवशी धुक्यातून येणारी ती गाडी. वर्षं किती, ते त्या वेळी तोंडाला येईल तसं. हा कारखाना गळीत हंगाम संपला की दर एप्रिलला आम्हाला बोलवायचा. म्हणजे या बाईनं ही कथा पाचदा ऐकली होती.

"बाई, तुमचं नाव?"

"शालन कदम. इथल्या बालवाडीत शिकवते." तिनं छत्री मिटली. "मला वेडी समजू नका, सर. गाणं ते गाणं, हे मला कळतं. पण आमच्या आत्याबाईंना नाही कळत."

आत्याबाई म्हणजे तिची सासू. आमच्या भागात सासूला तसंच म्हणतात.

मग तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. तिचा नवरा सैन्यात होता. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाईत बेपत्ता झाला. मेला असंही कळलं नाही, धरला असंही कळलं नाही. लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालेलं. पुढं चौऱ्याहत्तर साली कारखान्यातल्या मारुती शेवाळ्यांनी मागणी घातली. ते पॅनमन होते, म्हणजे उसाचा रस आटवून साखरेचा दाणा धरणारे कसबी कामगार. माणूस चांगला, बायको बाळंतपणात गेलेली. शालनच्या माहेरचे तयार होते. आत्याबाईही का-कू करत 'बघू' म्हणाल्या होत्या.

"आणि त्याच आठवड्यात तुमचा पहिला कार्यक्रम झाला," ती म्हणाली. "आत्याबाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. गाणं संपलं आणि त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, हा कौल आहे. तो येणार. देवळातल्या गुरवानं दिला असता तरी त्यांनी इतका मानला नसता. तेव्हापासून दरवर्षी त्या कौल ऐकायला येतात आणि मी गप्प बसते."

"पण मी तर..."

"सात वर्षं डिसेंबरात पुरी झाली. मी म्हटलं, झाली की सात. त्या म्हणतात, बारा सांगितलेत. मारुतीरावांची दुसऱ्या कारखान्यात बदली झालीय. उद्या सकाळी त्यांचा ट्रक निघतो. इतकी वर्षं ते थांबले, आता उद्यापर्यंत उत्तर द्या म्हणालेत. मी काय देऊ? आत्याबाईंना एकटं टाकून जाणं मला जमायचं नाही आणि त्या वाट बघायची सोडत नाहीत. गाण्यात खरंच काय आहे तेवढं सांगा. बारा असतील तर बारा. मी मारुतीरावांना तसं कळवते."

टाळ्यांसाठी मारलेली थाप एका बाईच्या आयुष्यातली पाच वर्षं खाऊन बसली होती. तेव्हाच सांगायला हवं होतं की बाई, मला फ्रेंचमधलं ओ की ठो कळत नाही. पण मी मास्तर. समोरच्याला 'मला येत नाही' म्हणायची जिभेला सवय नाही.

"संध्याकाळी सांगतो. स्टेजवरूनच सांगतो," मी म्हणालो.

ती मान हलवून गेली. मी तडक एस्तेरकडे गेलो. ती मांडवामागं हार्मोनियमच्या पेटीवर बसून केसांना तेल लावत होती.

"एस्तेर, त्या फ्रेंच गाण्याचा अर्थ काय?"

"मला काय विचारता सर? अर्थ तुमचा, गाणं माझं."

मी तिला सगळं सांगितलं. तिचा हात केसांतच राहिला. मग म्हणाली, "नवे चीफ केमिस्ट आलेत ना, पाध्ये साहेब. त्यांची बायको मॉरिशसची आहे म्हणे. मघाशी चहा घेऊन आली होती तेव्हा मी गुणगुणत होते, तर ती पण लागली गुणगुणायला. तिला येत असेल."

पाध्यांचा बंगला मैदानाला लागूनच होता. वहिनी मॉरिशसच्या मराठी घरातल्या. पणजोबा कधीकाळी रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर गेलेले. मराठी जपून, एकेक शब्द निवडून बोलायच्या. मी एस्तेरची वही पुढं केली. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि हसल्या.

"हे गाणं? आमच्या तिथे सगळ्यांना येतं. माझी आई भाकरी करताना म्हणायची. लग्नात म्हणतात, बोटीवर निरोप देताना म्हणतात. फार जुनं आहे, तरी कुणी विसरत नाही."

"तो परत कधी येतो?"

"कोण?"

"तो. लढाईवरून."

"लढाई नाही यात." वहिनींनी वही मांडीवर ठेवली. "आणि तो येत नाही. तो सांगतो तिला, की मी येणार नाही. माझा कोट तुझ्या दारामागच्या खुंटीवर राहिला आहे. तू रोज तो झटकतेस, परत टांगतेस. असं करू नको. कोट खाली काढ. ज्याला थंडी वाजते आहे, त्याला दे. कोट माझा नाही, ऊब माझी नाही. ज्याला थंडी वाजते, त्याची आहे. शेवटच्या कडव्यात तो म्हणतो, तू कोट दिलास की मला कळेल, तुझं माझ्यावर प्रेम होतं. म्हणून आवडतं लोकांना. तुम्ही काय सांगत होता?"

मी पाणी मागितलं आणि पेलाभर एका दमात प्यालो. खोटं बोललो एवढंच असतं तर निभावलं असतं. मी नेमकं उलटं बोललो होतो. गाणं बिचारं पाच वर्षं 'सोड' म्हणून सांगत होतं आणि मी माईक धरून त्याच्या तोंडून 'थांब' वदवत होतो.

साडेसहाला कार्यक्रम सुरू झाला. अजून उजेड होता. पुढच्या रांगेत, सतरंजीच्या कडेला शालन बसलेली दिसली. शेजारी नऊवारीतली एक वाळकी म्हातारी, पदर डोक्यावर, हात जोडून मांडीवर ठेवलेले. देवळात बसतात तशी ती बसली होती. मांडवाच्या शेवटच्या बांबूला टेकून एक दणकट माणूस उभा होता. शालनची नजर एकदाच तिकडं गेली, त्यावरून मी ओळखलं, हेच शेवाळे.

तिसरं गाणं फ्रेंच. मी माईक हातात घेतला. म्हातारी पुढं सरकून बसली. तिचा चेहरा पाहिला आणि मी ठरवलेलं सगळं विसरलो. खरं सांगावं तर या म्हातारीच्या लेकाला मी दोन हजार माणसांदेखत मारणार. न सांगावं तर शालनला आणखी पाच वर्षं पुरणार. असा पेच माझ्या उभ्या आयुष्यात पडला नव्हता.

"मंडळी," मी म्हणालो, "आता फ्रेंच गाणं. याचा अर्थ आज मी पहिल्यांदा सांगतोय."

"सर, ठाऊक हाय की!" मागून एकजण ओरडला. "त्यो बारा वर्सांनी येतोय!" लोक हसले.

"तो येत नाही," मी म्हणालो. "गेली पाच वर्षं मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला फ्रेंच येत नाही. आज ज्यांना येतं त्यांना विचारून आलोय."

मग मी वहिनींनी सांगितलेलं तसंच्या तसं सांगितलं. कोट, खुंटी, थंडी. एक शब्द माझा घातला नाही. निवेदकाचा सूरसुद्धा लावला नाही. टाळी एकही पडली नाही. एस्तेरनं गायला सुरुवात केली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला कळत होतं की आपण काय गातोय. दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज चिरकला, तरी ती थांबली नाही.

म्हातारी शेवटच्या कडव्याच्या आधीच उठली. कुणाकडे न बघता, माणसांच्या पायांतून वाट काढत निघाली. शालन मागोमाग गेली. त्या दिवशी 'वन्स मोअर' झाला नाही. बाकीचा कार्यक्रम मी कसा रेटला, मला आठवत नाही.

सकाळी सात वाजता आम्ही गाडीत सामान चढवत होतो. उन्हाचा चटका तेव्हाच जाणवायला लागला होता. ड्रम्स वर जात होते आणि मी चहाचा कप घेऊन उभा होतो. तेवढ्यात म्हातारी येताना दिसली. पदराखाली काहीतरी धरलेलं. चार पावलं मागं शालन. रात्रभर दोघींचा डोळा लागला नव्हता, हे सांगायला नको.

म्हातारी थेट माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"काल सांगितलंस ते खरं का? का ते बी तुजंच?"

"खरं आहे आक्का. पाध्येवहिनींना विचारा. माझी चूक झाली, मी तुमची..."

"गप." तिनं हात वर केला. "चूक तुजी न्हाई. मला ठावं हुतं."

"काय ठाऊक होतं?"

"त्यो येत न्हाई ह्ये."

मला वाटलं, गाण्याबद्दल बोलतेय. शालनलाही तसंच वाटलं असावं. ती म्हणाली, "आत्याबाई, चला घरी. ऊन होतंय."

म्हातारीनं पदराखालचा हात बाहेर काढला. हातात एक मफलर होता. करड्या लोकरीचा, घडीवर पिवळा पडलेला, त्याला ज्वारीचा भुसा चिकटलेला. शालन दोन पावलं पुढं आली. मफलरचं एक टोक तिनं हातात घेतलं आणि कडेच्या एका जागी बोट ठेवलं. तिथं विणीतला एक टाका सुटलेला होता.

"हा मी विणलेला," ती म्हणाली. "हा ह्यांच्या गळ्यात होता. जाताना मीच घातला होता."

म्हातारी माझ्याकडं बघून बोलू लागली. सुनेकडं बघायचं धाडस तिला होत नव्हतं.

"त्र्याहत्तरच्या संक्रांतीचा आदला दीस. ही पोरांच्या शाळंत गेलती. एक मिल्ट्रीवाला आला, काठी टेकीत. पाकिस्तानच्या तुरुंगातनं सुटून आल्याला. म्हनला, आक्का, दिनकर माज्या मांडीवर गेला. पैल्याच रातीला गेला. ह्ये तेवढं काडून ठेवलंतं, म्हनला, द्यायला आलोय. मी त्याला च्या केला. त्यो पिऊन गेला. मी ह्ये कणगीत घातलं, वरनं जोंधळं वतलं."

मी कधीतरी एखाद्या तमाशात असा प्रवेश पाहिला असता तर अतिच झालं म्हणून उठून गेलो असतो. इथं मी ऐकत उभा राहिलो.

"सहा वर्षं?" शालन म्हणाली. आवाज इतका हलका, की तिनं विचारलं की नुसतं पुटपुटली, कळलं नाही. "सहा वर्षं मी कुंकू लावून... आत्याबाई, का?"

"तू गेली असतीस. मग मी कुनाच्या तोंडाकडं बघून जगले असते?" म्हातारी आता थरथरायला लागली होती. "तुला थांबवाय कायतरी निमित्त पायजे हुतं. ह्यो बाबा माइकवर सांगाय लागला, त्यो येतोय म्हनून. मी म्हनलं, देवच पावला. पन पोरी, एक सांगते. ह्यो सांगायचा तवा मला बी खरं वाटायचं. ठावं असून खरं वाटायचं. वर्सातनं येक दीस माजा दिनकर त्या गाडीतनं उतरायचा. काल ह्येनं उतरू दिलं न्हाई."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. मी थापा मारत होतो तेव्हा समोर जी एकमेव बाई खरं जाणत होती, तिचाच माझ्यावर सगळ्यांत जास्त विश्वास होता.

शालन वळली आणि चालू लागली. मैदानाच्या कडेला चिंचेचं झाड होतं, तिथवर गेली आणि आमच्याकडं पाठ करून उभी राहिली. कुणी हाक मारली नाही. एस्तेर गाडीच्या दारात तोंडावर हात घेऊन उभी होती. म्हातारीचे हात, खांदे, हनुवटी सगळं कापत होतं. एप्रिलचं ऊन तिच्या अंगावर पडलं होतं आणि ती थंडीतापाच्या माणसासारखी कुडकुडत होती.

कॉलनीच्या फाटकाशी एका ट्रकचं इंजिन सुरू झालं. कॅरिअरवर खाट, ट्रंक, मडकी. शेजारी शेवाळे उभे होते. ते पुढं आले नाहीत आणि ट्रकमध्येही चढले नाहीत.

किती वेळ गेला कोण जाणे. शालन परत आली. डोळे कोरडे, चेहरा दगडासारखा. मला वाटलं, आता ही म्हातारीला काहीतरी बोलणार, आणि बोलली असती तर चूक नव्हतं. तिनं म्हातारीच्या हातातून मफलर काढून घेतला, जोरात झटकला. ज्वारीचा भुसा उडाला.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आत्याबाई," ती म्हणाली. "करीन की नाही, तेही माहीत नाही."

मग तिनं तो मफलर म्हातारीच्या गळ्याभोवती गुंडाळला. एक वेढा, दुसरा वेढा, आणि टोकं नीट आत खोचली, लहान पोराला शाळेत पाठवताना खोचतात तशी.

"पण तुम्हाला थंडी वाजतीय," ती म्हणाली. "चला, तुमचं गाठोडं बांधायचंय. मारुतीराव खोळंबलेत."

म्हातारी जागची हलेना. शालननं तिचा दंड धरला आणि दोघी फाटकाच्या दिशेनं चालू लागल्या. भर उन्हात, गळ्यात लोकरीचा मफलर घातलेली ती म्हातारी दोनदा अडखळली आणि दोन्ही वेळा शालननं तिला सावरलं.